वाट बघणारं गिऱ्हाईक म्हणजे उधारी!



नवीन धंदा किंवा नवीन प्रॉडक्ट म्हटलं की आपल्याकडे एक सल्ला फुकट मिळतो : "आधी हवा करा, माल नंतर बघू." मग 'लवकरच येत आहे'चं पोस्टर पडतं, स्टेटसला काउंटडाउन लागतो, आणि घरात अजून पहिला नमुनासुद्धा धड तयार नसतो.

माझं मत ऐका. गिऱ्हाइकाला वाट बघायला लावणं वाईट नाही, ती मोठी ताकद आहे. पण ती ताकद तुमच्या मालकीची नसते. ती गिऱ्हाइकाने तुम्हाला दिलेली उधारी असते. त्याने आज तुमच्यावर लक्ष खर्च केलं आणि बदल्यात त्याला अजून काहीच मिळालेलं नाही. ही उधारी फेडता येत असेल तर जरूर घ्या. नाहीतर पोस्टरसुद्धा छापू नका.

हे समजावायला आज मी वडापावचं किंवा मसाल्याचं उदाहरण घेणार नाही. एक कॉम्प्युटर गेम घेणार आहे. गेम खेळत नसाल तरी वाचा, कारण धंद्याचं गणित तेच आहे.

गेमचं नाव 'लिंबो'. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन, तिथल्या 'प्लेडेड' नावाच्या छोट्या कंपनीने तो बनवला. २१ जुलै २०१० ला तो एक्सबॉक्सवर आला. डबा नाही, सीडी नाही, दुकान नाही, थेट डाउनलोड. पूर्ण काळा-पांढरा. एक लहान मुलगा अंधाऱ्या जंगलातून डावीकडून उजवीकडे चालत जातो. वाटेत खड्डे, पाणी, सापळे, एक अवाढव्य कोळी. पेटी ढकलायची, दोराला लोंबकळायचं, वजन टाकून फळी खाली आणायची आणि पुढची वाट मोकळी करायची. वस्तू खऱ्या जगासारख्या पडतात, घरंगळतात, तरंगतात. त्यामुळे कुठली वस्तू कुठे वापरायची हे डोकं लावूनच सापडतं. चुकलात की मुलगा मरतो, आणि थोडं मागून पुन्हा सुरुवात. पडद्यावर एक सूचना नाही, एक संवाद नाही.

पहिली झलक गिऱ्हाइकासाठी नव्हतीच

या गेमची कल्पना आर्न्ट येन्सन या चित्रकाराची. तो आधी एका मोठ्या गेम कंपनीत होता. २००४ च्या सुमारास त्याने हा गेम एकट्यानेच, व्हिज्युअल बेसिकमध्ये बनवून पाहिला. प्रोग्रॅमिंग हे आपलं काम नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग त्याने जे येत होतं ते केलं. २००६ मध्ये गेमचा माहोल दाखवणारी एक छोटी व्हिडिओ झलक तयार केली. हेतू एकच, ती बघून एखादा प्रोग्रॅमर मिळावा.

ती झलक इंटरनेटवर गेली आणि प्रोग्रॅमरांपलीकडच्या लोकांनीही ती उचलून धरली. त्यातूनच डिनो पॅटी त्याला भेटला आणि दोघांनी मिळून प्लेडेड सुरू केली.

आता यातून काय घ्यायचं? "व्हिडिओ टाका, व्हायरल होईल" हे घेऊ नका. घ्यायचं ते असं, की त्याने झलक एका नेमक्या माणसासाठी केली होती. त्याला काय पटेल, कशाने तो आपल्याबरोबर काम करायला येईल, एवढाच विचार होता. 'सगळ्यांसाठी' केलेली जाहिरात कुणाच्याच मनात राहत नाही. तुमचं पुढचं पोस्टर कुणासाठी आहे, त्या एका माणसाचं वर्णन दोन ओळींत लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर डिझायनरला फोन करायची घाई नको.

प्रश्न दाखवा, उत्तर राखून ठेवा

कोड्याच्या गेममध्ये विकलं काय जातं? चित्र? आवाज? माझ्या मते विकला जातो तो एक क्षण. दहा मिनिटं डोकं खाजवल्यावर 'अरेच्चा, असं होय!' असं वाटतं, तो क्षण. आता जाहिरातीतच ते कोडं सोडवून दाखवलं, तर माल जाहिरातीतच संपला. पैसे कशाला द्यायचे?

लिंबोवाल्यांनी हे फार नीट पाळलं. गोष्ट सांगितली ती एका वाक्यापुरती. बहिणीचं काय झालं हे माहीत नसलेला एक मुलगा या अनोळखी जगात शिरतो. बस. कोळी दिसतो, त्याच्यापासून सुटायचं कसं ते सांगत नाहीत. आणि दिसतं ते सगळं त्यांचंच. काळी सावली आणि दोन पांढरे डोळे. एक फोटो पाहिला की पुढच्या वेळी नाव वाचायची गरज नाही.

आपल्याकडे मात्र उलटं चालतं. पोस्टरवर चौदा फीचर, सहा फोटो, तीन मोबाईल नंबर, वर 'गुणवत्ता हीच आमची ओळख'. सगळं सांगून टाकलं, तरी लक्षात काहीच राहिलं नाही. कोर्स विकत असाल तर विद्यार्थ्याची अडचण दाखवा. ड्रेस विकत असाल तर कापडाची एक घडी दाखवा. उरलेलं दुकानात.

आता उधारीचं व्याज

२००६ ची झलक, २०१० चा गेम. मध्ये चार वर्षं. वाट बघायला लावलेल्या प्रत्येक महिन्याचं व्याज लागतं, आणि ते अपेक्षेच्या रूपात लागतं. 'एवढा वेळ घेतलाय म्हणजे काहीतरी जबरदस्त असणार' असं गिऱ्हाईक मनात धरतं. अशा वेळी धंदेवाल्याचा हात सुटतो. हेही घालू, तेही घालू.

त्यांना सल्ले मिळालेच. एकाच वेळी अनेकांना खेळता येईल असं करा. सोपं-अवघड अशा पातळ्या द्या. गेम लांबवा. यातला काही आग्रह पैसा लावणाऱ्यांकडूनही होता. त्यांनी ते केलं नाही. झलकेत एकटा मुलगा होता, तर गेममध्येही एकटाच राहिला. मला सगळ्या गोष्टीत हा भाग मोठा वाटतो. जे दाखवलं तेच दिलं. जास्तीचं देऊन उधारी फिटते असं नाही, बोललात तेच दिलं की फिटते.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली. गेम १५ डॉलरला होता आणि साधारण तीन ते पाच तासांत संपायचा. 'एवढ्याशा गेमला एवढे पैसे?' अशी तक्रार खेळणाऱ्यांनी आणि काही समीक्षकांनीही केली. ती तक्रार चूक होती असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक तासांत मोजतं, तो त्याचा हक्क. पण उगाच लांबवलेला गेम त्यांनी विकला असता, तर १५ डॉलरची तक्रार गेली असती आणि गेमची ओळखही गेली असती.

बाजाराचा दिवस बघून उतरले

मार्च २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला 'इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल'ची बक्षिसं जाहीर झाली. लिंबोला दोन मिळाली, एक दृश्यकलेसाठी आणि एक तांत्रिक कामासाठी. म्हणजे स्वतःचं कौतुक स्वतः करायची गरज उरली नाही, जाणकारांनी केलं. मग जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'समर ऑफ आर्केड' या तेव्हा दरवर्षी होणाऱ्या विक्री मोहिमेत पहिला गेम म्हणून तो उतरला. जत्रेत मोक्याची जागा मिळावी तसं. आणि त्या काळी एक्सबॉक्सच्या या डाउनलोड दुकानात प्रत्येक गेमचा थोडा भाग फुकट खेळून बघता यायचा. आधी चव, मग पैसे.

बक्षीस, मोक्याची जागा, चव, आणि मग बिल. हा क्रम लक्षात ठेवा. बक्षीस मार्चमध्ये, माल जुलैमध्ये. लोक बोलायला लागले तेव्हा माल जवळजवळ तयार होता. म्हणून ती चर्चा फुकट गेली नाही.

त्या मोक्याच्या जागेचीही किंमत होती. पहिलं वर्षभर गेम फक्त एक्सबॉक्सवर राहिला. प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरवाल्यांना २०११ पर्यंत थांबावं लागलं. मोठं दुकान जागा देतं तेव्हा सहसा काहीतरी मागतं. ते परवडतं का, हे आधी बघायचं.

निकाल? जून २०१३ पर्यंत सगळ्या ठिकाणी मिळून ३० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याआधीच, २०११ मध्ये, कंपनीने गुंतवणूकदारांकडून स्वतःला सोडवून घेतलं होतं. मला विचाराल तर खरं बक्षीस हे. मालकी परत आपल्या हातात.

"सर, तिकडे पैसा होता"

ही कॉमेंट येणार हे मला माहीत आहे. बरोबर आहे. त्यांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला, गुंतवणूकदारही मिळाले. शिवाय सुंदर झलक दाखवूनही गुमनाम राहिलेले गेम कितीतरी असतील. झलक चांगली म्हणजे धंदा चालणारच, असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला काहीतरी विकतोय.

पण कमी पैशाचंही उदाहरण आहे. 'वर्ल्ड ऑफ गू'. हसू नका, त्यांच्याकडे त्या शब्दाचा अर्थ चिकट पदार्थ! गोळे एकमेकांना चिकटवत मनोरा किंवा पूल बांधायचा, तोल गेला की सगळं कोसळतं. मोठी कंपनी सोडून आलेले काइल गॅब्लर आणि रॉन कार्मेल, अशी दोघांची 'टूडी बॉय'. ऑफिस नव्हतं, कॉफीच्या दुकानांत बसून काम करायचे. गॅब्लरने कॉलेजच्या प्रयोगात २००५ मध्ये बनवलेला छोटा, फुकट गेम हा त्याचा मूळ नमुना. लोकांना तो आवडला, मग मोठा गेम केला. आणि ज्यांनी आगाऊ पैसे भरले, त्यांना पहिला भाग लगेच खेळायला दिला. पूर्ण गेम आला ऑक्टोबर २००८ मध्ये. बयाणा घेतला आणि त्याच दिवशी हातात काहीतरी ठेवलं. उधारीचा पहिला हप्ता लगेच फेडला!

मग तुम्ही काय कराल?

समजा, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घ्यायची आहे. माझे चार नियम :

१. पहिला घाणा निघाल्याशिवाय पोस्टर नाही. फोटो स्वतःच्या चकलीचा, गुगलवरचा नको.

२. तारीख सांगायची ती मनातल्या तारखेपेक्षा आठवडाभर पुढची. गॅस, लाईट, माणसं, काहीही दगा देऊ शकतं.

३. बयाणा घ्यायचा तो दोन हातांनी होईल तेवढ्याच किलोचा. पन्नास किलो होत असेल तर एक्कावन्नाव्या किलोला 'नाही' म्हणा. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी लवकर येईल.

४. ज्याने आगाऊ पैसे दिले त्याच्या हातात त्याच आठवड्यात काहीतरी पडू दे. दोन चकल्या का होईना.

ॲप किंवा गेम बनवणारे असाल तरी हेच. एक पातळी खेळता येऊ दे, मग ट्रेलर काढा.

यात 'हवा' कमी होईल, फॉलोअर हळू वाढतील, मान्य. पण कर्ज काढून धंदा उभा करणाऱ्याला मी एवढंच सांगेन. बँकेचा हप्ता चुकला तर बँक निदान नोटीस पाठवते. गिऱ्हाईक नोटीस पाठवत नाही, ते गुपचूप शेजारच्या दुकानात जातं.

तुम्ही आत्ता कुठल्या मालाची 'लवकरच येत आहे' अशी पाटी लावली आहे? आणि त्यातलं किती तयार आहे? कॉमेंटमध्ये खरं खरं लिहा. अर्धंच तयार असेल तर आज पाटी उतरवा आणि कामाला लागा. तयार असेल तर तारीख लिहा, म्हणजे आम्हीही वाट बघू.