जुगाराचा पैसा कुणाच्या ओंजळीत?

जुगार वाईट, हे आपल्या घरी लहान मुलालाही ठाऊक असते. धर्मराजाची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आहोत. पण सरकारने जुगाराला परवानगी देऊन त्यावर कर बसवला, तर जमलेला पैसा कोणाला द्यावा? गावच्या रस्त्यांना, दवाखान्यांना की शाळांना? या प्रश्नाचा विचार आपण क्वचितच करतो. आज आम्ही तो दूरच्या एका गावाच्या निमित्ताने करणार आहोत.

आयर्लंड हेही आपल्यासारखेच बेट, तेही एके काळी इंग्रजांच्या सत्तेखाली होते. राजधानी डब्लिनपासून सुमारे ३० किलोमीटरवर नास नावाचे गाव आहे. किल्डेअर परगण्याचे हे मुख्य ठिकाण, वस्ती सुमारे २६ हजार. आयरिश भाषेत त्याच्या नावाचा अर्थ राजे लोकांच्या सभेची जागा असा होतो. आज तेथे घोड्यांचे राज्य आहे म्हटले तरी चालेल. गावात १९२४ सालापासून शर्यतीचे मैदान आहे, थोड्या अंतरावर पंचेस्टाउनचे प्रसिद्ध मैदान आहे, आणि त्याच परगण्यात करा नावाचे विस्तीर्ण माळरान शर्यतींसाठीच ओळखले जाते. पोर्ट लुईच्या शां द मार्सवर १८१२ पासून घोडे धावत आले आहेत. तेव्हा आपल्या वाचकांना हे चित्र काही परके वाटणार नाही.

आयर्लंडमध्ये कॅसिनोला कायद्याने मोकळीक कधीच नव्हती. १९५६ चा जुगारविषयक कायदा कडक होता. तरीही खासगी क्लबांच्या नावाखाली पत्त्यांचे आणि चक्रीचे खेळ चालत आले. पैजेच्या दुकानांना मात्र १९२६ पासून परवानगी आहे. दुकानात किंवा इंटरनेटवर लावलेल्या पैजेवर सरकार कर घेते. २००६ पासून तो १ टक्का होता, २०१९ पासून २ टक्के झाला. २०१५ मध्ये परदेशातून चालणाऱ्या इंटरनेट कंपन्याही या कराच्या जाळ्यात आणल्या गेल्या.

आता हा पैसा जातो कुठे ते पाहा. २००१ च्या कायद्याने घोडे व शिकारी कुत्रे यांच्या शर्यतींसाठी एक निधी उभा राहिला आणि पैजेच्या कराशी त्याची सांगड घातली गेली. त्यातले ८० टक्के घोड्यांना आणि २० टक्के कुत्र्यांना. कराचे उत्पन्न कमी पडले तेव्हा सामान्य तिजोरीतून भरही घातली गेली. २०२४ साली हा निधी ९ कोटी ५० लाख युरो होता: घोड्यांना ७ कोटी ६० लाख, कुत्र्यांना १ कोटी ९० लाख. २०२५ साली तो ९ कोटी ९१ लाखांवर गेला. कुणी फुटबॉलच्या सामन्यावर पैज लावली तरी तिच्यावर हाच कर बसतो, पण निधी मात्र घोड्यांचा आणि कुत्र्यांचा!

निधीच्या समर्थकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. घोडेपैदास हा किल्डेअरमधला खरा व्यवसाय आहे. तबेलेवाले, नालबंद, पशुवैद्य, गवत विकणारा शेतकरी, अशा अनेकांची चूल त्यावर पेटते. ते खोटे नाही. पण नासच्याच परगणा परिषदेकडे पाहा. रस्ते, वाचनालये, घरबांधणी यांचा भार तिच्यावर. तिचे उत्पन्न व्यापाऱ्यांवरील पट्टी, २०१३ पासूनचा घरपट्टीसारखा कर आणि सरकारी अनुदाने यांतून येते. पैजेच्या करात तिचा ठरावीक वाटा नाही. शाळांचाही नाही. तेथे माध्यमिक शिक्षण १९६७ पासून मोफत आहे, शिक्षकांचा पगार सरकार देते. तरी अनेक शाळा पालकांकडे ‘ऐच्छिक’ वर्गणी मागतात. प्राथमिक शाळांत मोफत पुस्तके मिळायला २०२३ साल उजाडावे लागले.

लॉटरीची कथा निराळी. १९८७ साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली ती ‘सत्कार्यांसाठी’ म्हणून: खेळ, युवक, कला, आरोग्य, आयरिश भाषा. पण सरकारी अंदाजपत्रकात अनेक खर्चांपुढे ‘अंशतः लॉटरीतून’ अशी नोंद असते. म्हणजे लॉटरीचा रुपया आणि कराचा रुपया एकाच हंड्यात पडतात. लॉटरीने एक रुपया दिला म्हणून सरकारने आपला एक रुपया काढून घेतला का, हे सामान्य माणसाला कळणार कसे?

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात नेमके हेच घडले. २००८ मध्ये मतदारांनी जुगारयंत्रांना मान्यता दिली, कारण पैसा शिक्षणाला मिळेल असे त्यांना सांगितले गेले. आसपासच्या वस्त्यांसाठीही यंत्रांच्या उत्पन्नातून वाटा ठरला. पण शिक्षणनिधीत पैसा आला तसा शाळांवरचा नेहमीचा सरकारी खर्च दुसरीकडे वळवता येऊ लागला. अखेर २०१८ मध्ये जनतेने मत देऊन राज्यघटनाच दुरुस्त केली: हा पैसा नेहमीच्या खर्चाच्या जागी न येता त्यावर जादा म्हणूनच शाळांना मिळावा.

आयर्लंडने २०२४ मध्ये जुगाराचा नवा कायदा केला आणि २०२५ मध्ये नियामक मंडळ स्थापन केले. परवानाधारकांनी एका सामाजिक निधीत पैसे भरायचे आणि त्यातून व्यसनमुक्ती, संशोधन व जनजागृती करायची, अशी तरतूद त्यात आहे. जखम करणाऱ्याने मलमपट्टीचा खर्च द्यावा, हा न्याय आम्हांला पटतो.

आपल्याकडे संविधानानुसार सरकारी उत्पन्न सामान्यतः एकाच एकत्रित निधीत जमा होते. आयर्लंडच्या घटनेतही तसेच तत्त्व आहे. आम्हांला ही पद्धत मुळात चुकीची वाटत नाही. १९७७ पासून आपली मुले माध्यमिक शाळेत मोफत शिकतात, ती सर्वांच्या कराच्या बळावर. शिक्षकाचा पगार कुणीतरी शनिवारी शर्यतीत हरण्यावर अवलंबून असू नये. लोक कमी खेळू लागले तर शाळा बंद करायची काय?

म्हणून उद्या कोणी ‘हा जुगार शाळांसाठी’ असे म्हणाला, तर आपण तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाच्या खिशातून येतो? कायद्यात कोणाचा वाटा लिहिला आहे, आणि कोणाचा नुसता भाषणात आहे? आणि शाळेला एका हाताने दिले तेव्हा दुसऱ्या हाताने काय काढून घेतले? नासच्या घोड्यांचा वाटा कायद्यात लिहिलेला आहे, म्हणून तो दरवर्षी मिळतो. मुलांचा वाटाही तसाच लिहून घ्यावा लागतो. अंदाजपत्रकाचे आकडे कंटाळवाणे वाटतात खरे, पण आईवडिलांनी ते वाचले नाहीत तर मुलांच्या वतीने वाचणार कोण?