सव्वीस माणसे परत आली

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडतेच; पण दिवाळीच्या अंकात फराळाचे ताट पुढ्यात घेऊन गप्पा मारायच्या, असा आपला शिरस्ता. यंदा मात्र आधी थोडे कडू देणार आहे. नरकचतुर्दशीला फराळाआधी कारिटाचा थेंब जिभेला लावायची आपल्याकडे चाल आहेच, तसेच समजा.

झाले असे. आमचा चौदा वर्षांचा भाचा फुटबॉल खेळतो. परवा सामन्याहून आला तो थेट गच्चीवर जाऊन बसला. बहिणीने शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला, तरी तोंड उघडेना. शेवटी कळले. चेंडू याच्या पायात आला की बाहेरची काही पोरे याच्या रंगावरून ओरडत होती. रंग म्हणाल तर आमच्याच घरचा, चांगला तव्यासारखा.

"मामा, मी आता खेळायला जाणार नाही," एवढेच तो म्हणाला.

मला उपदेश जमत नाही. गोष्ट जमते. म्हणून त्याला वॉल्टर टलची गोष्ट सांगितली. या माणसाचा माग मी बरेच दिवस पुस्तकांतून काढीत होतो.

वॉल्टरचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील फोकस्टन गावचा. बाप डॅनियल हा बार्बाडोस बेटावरून आलेला सुतार. त्याचा बाप तर गुलामगिरीत जन्मलेला. आई इंग्रज, केंट परगण्यातली. आई १८९५ मध्ये गेली, बाप १८९७ मध्ये. सावत्र आईला एवढी पोरे पोसवेनात, तेव्हा वॉल्टर आणि त्याचा थोरला भाऊ एडवर्ड यांना लंडनच्या अनाथाश्रमात धाडले. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतले. तो शिकून दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला. भावाभावांची ताटातूट झाली, पण पाय मात्र चेंडूवर बसले.

१९०९ मध्ये टॉटनहॅम संघाने त्याला घेतले. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून अशी काही शिवीगाळ केली की, एका वार्ताहराला राहवेना. त्याने छापून टाकले की, खेळात आणि वृत्तीत हा गडी सगळ्या गोऱ्या खेळाडूंना धडा आहे. धडा कोणी घेतला कोण जाणे! थोड्याच दिवसांत टलला पहिल्या संघातून बाजूला बसवले. १९११ मध्ये तो नॉर्दॅम्प्टनला गेला. तिथे हर्बर्ट चॅपमन नावाचा पारखी व्यवस्थापक होता. त्या संघाकडून टल शंभरावर सामने खेळला.

"म्हणजे त्याने खेळ सोडला नाही?" भाचा गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरला होता.

सोडला, पण शिव्यांमुळे नाही. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि डिसेंबरात टल पलटणीत भरती झाला. मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी पलटण, खास फुटबॉलवाल्यांची. तो सार्जंट झाला. १९१६ च्या मे महिन्यात मन हबकले म्हणून त्याला खंदकातून इंग्लंडला परत पाठवावे लागले. शूर माणसाचेही मन हबकते, हे मी भाच्याला मुद्दाम सांगितले. बरा होऊन तो पुन्हा आघाडीवर गेला, सोमच्या धुमाळीत.

आता गंमत पाहा. अधिकाऱ्याची सनद शुद्ध युरोपीय वंशाच्याच माणसाला द्यायची, असा त्या लष्कराचा दंडक होता. काळ्या माणसाने शिपाई म्हणून मरावे, पण गोऱ्यांना हुकूम सोडू नये. आपल्या लोकांचीही तीच गत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढत होत्या. पण हिंदी लष्करातल्या हिंदी माणसांना राजाची सनद मिळायला १९१७ चा ऑगस्ट उजाडला, आणि तीही पहिल्या खेपेस अवघ्या नऊ जणांना. टलच्या वरिष्ठांनी मात्र पुस्तक मिटले आणि माणूस पाहिला. ३० मे १९१७ रोजी वॉल्टर टल सेकंड लेफ्टनंट झाला.

त्याला इटलीत पाठवले. १९१८ च्या जानेवारीच्या आरंभी पियावे नदी ओलांडून शत्रूच्या मुलखात छापा घालायचा होता. टल सव्वीस माणसे घेऊन पुढे गेला. गोळीबार दाट होता. सव्वीसच्या सव्वीस माणसे त्याने जिवंत परत आणली. जनरल लॉफर्डने त्याच्या धैर्याची आणि थंड डोक्याची लेखी वाखाणणी केली.

"एकालाही लागलं नाही?"

"एकालाही नाही."

पुढचे सांगावे की नाही, असा विचार पडला. पण अर्धी गोष्ट सांगणे म्हणजे लबाडी. २५ मार्च १९१८ रोजी, फ्रान्समध्ये बापोमजवळ, जर्मनांच्या मोठ्या चढाईत टलला गोळी लागली. वय २९. एकेकाळी गोलरक्षक असलेल्या टॉम बिलिंगहॅम नावाच्या शिपायाने गोळ्यांच्या वर्षावात त्याला ओढून आणण्याचा प्रयत्न केला, पण जमले नाही. देह सापडलाच नाही. ज्यांना कबर मिळाली नाही अशा सुमारे ३५ हजार जणांच्या यादीत, अरासच्या स्मारकाच्या भिंतीवर, त्याचे नाव कोरलेले आहे. नॉर्दॅम्प्टनच्या मैदानाबाहेर त्याचे स्मारक उभे राहायला मात्र १९९९ साल यावे लागले.

ब्रिस्टलला ज्यांनी आरडाओरडा केला त्यांचे एकाचेही नाव मला कुठे सापडले नाही. पियावेच्या काठी त्याच्यामागे जे सव्वीस गेले, त्यांनी त्याचा रंग पाहिला असेल, नसेल. हुकूम मात्र ऐकला. माणसाची पारख लोक काय ओरडतात त्यावरून होत नाही. त्याच्या भरवशावर कोण किती पाण्यात उतरतो, त्यावरून होते.

भाचा काही बोलला नाही. मीही "उद्या जाणार का?" असे विचारले नाही. सकाळी पाहतो तर स्वारी अंगणात बसून बुटांचा चिखल खरवडते आहे.

कारिटाचा थेंब संपला, मंडळी. आता फराळ घ्या.