दुष्काळ जाहीर झाला, पुढे?

ऑक्टोबर सरत आला की तलाठी कार्यालयात एकच प्रश्न घेऊन माणसं येतात : आपला तालुका यादीत आहे का? 2023 साली उत्तर दोन हप्त्यांत मिळालं. 31 ऑक्टोबरला 40 तालुके जाहीर झाले, 24 गंभीर आणि 16 मध्यम. दहा दिवसांनी 1021 महसूल मंडळं ‘दुष्काळसदृश’ ठरली. सरासरीच्या 75 टक्क्यांहून आणि 750 मिलिमीटरहूनही कमी पाऊस, हा तिथला निकष.

जमीन महसुलातल्या सुटीपासून टँकरपर्यंतच्या आठ सवलती आपल्याला तोंडपाठ आहेत. गावात मात्र ‘जाहीर झालं’ याचा अर्थ ‘खात्यात पैसे आले’ असाच घेतला जातो, आणि तो गैरसमज आपण वेळीच दूर करत नाही. शेतीकर्जाची वसुली थांबते, कर्ज माफ होत नाही. पुनर्गठन झालं की पीककर्जाचं मुदत कर्ज होतं. म्हणजे हप्ते लांबतात, देणं राहतंच. 2023 साली कृषिपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट होती, बाकीचं बिल भरायचंच होतं. टँकरलाही ग्रामपंचायतीचा प्रस्ताव आणि संयुक्त पाहणी चुकत नाही.

परीक्षा शुल्काचं तर विचारूच नका. दहावीच्या पोराच्या बापाने उसनवारी करून फी भरलेली असते, मग माफी जाहीर होते. आता परतावा हवा तर बँक खात्याचा तपशील शाळेमार्फत वर जायला हवा. तो कुणी मागितलाच नाही तर माफी कागदावरच राहते.

आणखी एक. सत्यमापनाला तालुक्यातली दहा टक्केच गावं निवडली जातात, तीही यादृच्छिक पद्धतीने. उरलेल्या गावांची ‘आमच्या बांधावर कुणी फिरकलंच नाही’ ही तक्रार म्हणूनच खोटी नसते. पण निकाल अख्ख्या तालुक्याला लागू होतो, हे त्यांना सांगणार कोण? हे काम आपलंच. शासन निर्णयाची झेरॉक्स फलकावर डकवली म्हणजे ते झालं, असं आम्ही मानत नाही.

सवलत कोणती, ती आपोआप मिळते की अर्ज लागतो, कुठल्या कार्यालयात जायचं, सोबत काय न्यायचं, एवढंच ठळक अक्षरांत एका पानावर लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्यांनी असं पान तयार केलं आहे त्यांनी ते आमच्याकडे जरूर पाठवावं; पुढच्या अंकात छापू.