गवताच्या मुळावर

फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वृक्षसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी वडाचे झाड होते. कल्पना झकास. गवताचे संमेलन मात्र कोणी भरवणार नाही. त्याच्या सावलीत सत्कार उरकता येत नाहीत. तरीही बालाघाटच्या माथ्यावर, आष्टी-पाटोद्याच्या उथळ, मुरमाड जमिनीत कर्ब साठवण्याचे मोठे काम गवतच करते. ते मातीखाली चालते, म्हणून ना फोटोत येते ना अहवालात.

झाडाचा कर्ब बराचसा खोडात आणि फांद्यांत, डोळ्यांसमोर असतो. गवताचा मुळांत. दरवर्षी काही मुळे मरतात, कुजतात आणि त्यांतला थोडा अंश मातीच्या कणांना धरून वर्षानुवर्षे राहतो. वरून वणवा गेला तरी हा साठा बहुतांशी शाबूत असतो. अर्थात मातीही श्वास सोडते. मृगाची पहिली सर पडली की उन्हाळाभर निपचित पडलेले जिवाणू जागे होतात आणि काही तासांतच जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. केनियात काम करणाऱ्या बर्च या संशोधकाने 1958 मध्ये ओल्या-सुक्या मातीचा हा हिशेब मांडला. गवताचे ठोंब जिवंत असतील तर हिरवे पाते फुटते आणि गेलेले परत ओढू लागते. ठोंबच उपटले असतील तर नुसता खर्च, जमा काही नाही.

आपण नेमके ठोंबच उपटतो. गायरानात जेसीबीने समतल चर खणल्यावर काठावर उलटे पडलेले ढेकूळ एकदा हातात घेऊन पाहावे. वर वीतभर काळपट माती, मुळांनी गच्च विणलेली. खाली पिवळट मुरूम. कर्ब असतो तो त्या वीतभरात, आणि तीच आता उन्हात पडलेली. खड्ड्यात लागते गिरिपुष्पाचे रोप. गुओ आणि गिफर्ड यांनी 2002 मध्ये जगभरच्या 74 शोधनिबंधांतले आकडे एकत्र केले, तेव्हा कुरणाचे वृक्षलागवडीत रूपांतर झाल्यावर मातीतला कर्ब सरासरी 10 टक्के घटलेला दिसला. कुरण नांगरून शेती केल्यावर 59 टक्के.

नांगराचे नाव निघाले की गायरान कसणाऱ्या भूमिहीनांकडे बोट दाखवण्याची आपल्याकडे सवय आहे. ते बोट आवरावे. बीड जिल्ह्यातले कार्यकर्ते एकनाथ आवाड यांनी ज्यांच्यासाठी आयुष्यभर लढा दिला, त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. जाब शासनाला विचारावा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2011 मध्ये गायराने इतर वापरासाठी देऊ नयेत असा निर्णय काढायचा, त्यात सार्वजनिक कामांची फट ठेवायची आणि मग सौर कृषिवाहिनी योजनेसाठी गायरानेच शोधत फिरायचे. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. पण चांगले कुरण आणि उघडा खडक यांत फरक करायला कोणाची हरकत होती?

सगळी गायराने चांगली आहेत असेही नाही. अति चराईने पवन्या आणि मारवेल हटते, कुसळी माजते. तिचे कुसळ ओल लागताच पीळ सोडत फिरते आणि बी जमिनीत घुसवते. मेंढीच्या कातडीतही तसेच रुतते. यावरचा उपाय जुन्या माणसांना ठाऊक आहे: बी झडेपर्यंत कुरण राखायचे, मग विळ्याने कापून न्यायचे. त्याला जेसीबी लागत नाही, त्यामुळे निविदाही निघत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने बीडच्या प्रशासनाने एवढेच करावे: लागवडीच्या किंवा सौर प्रकल्पाच्या प्रत्येक फाइलीत त्या जागी कोणते गवत आहे आणि मातीत सेंद्रिय कर्ब किती, याची नोंद आधी मागावी. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी शेतातल्या मातीचा सेंद्रिय कर्ब मोजला जातोच. गायरानाला खातेदार नाही, म्हणून पत्रिका नाही.