दरबार नको, सभा हवी

पावसाळ्याबरोबर महाविद्यालये उघडतात. एके काळी या दिवसांत त्यांच्या भिंती हाताने रंगवलेल्या कागदांनी भरून जात. कोणाला अध्यक्ष करा, कोणाला चिटणीस करा, अशा विनवण्या त्यांवर लिहिलेल्या असत. अलीकडच्या वर्षांत भोपाळच्या एखाद्या महाविद्यालयात शिरून पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘तुमच्या छात्रसंघाचा अध्यक्ष कोण?’ असे विचारावे, तर तो गोंधळून आपल्याकडेच पाहत राहतो. दोष त्याचा नव्हे. जी वस्तू त्याने पाहिलीच नाही, तिचे नाव त्याला कसे ठाऊक असणार?

हा विषय संस्कृतीच्या पानावर कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येईल. आमचे उत्तर असे की, विद्यार्थिसंघ ही मुळात राजकारणाची नव्हे, संस्कृतीचीच संस्था आहे. चारचौघांत उभे राहून बोलणे, दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेणे, ठराव मांडणे, त्याला अनुमोदन मिळवणे, आणि मते कमी पडली तर हसतमुखाने खाली बसणे, या सर्व शिकण्याच्या गोष्टी आहेत. त्या रक्तातून येत नाहीत.

केंब्रिजची युनियन १८१५ मध्ये निघाली आणि ऑक्सफर्डची १८२३ मध्ये. दोन्ही वादविवादासाठी निघालेल्या सभा होत्या. तोच वळसा घेऊन ही कल्पना हिंदुस्थानात आली. अलीगढच्या महाविद्यालयात १८८४ मध्ये प्राचार्य सिडन्स यांच्या नावाने युनियन क्लब सुरू झाला आणि तेथील वादसभांचा पुढे मोठा लौकिक झाला. भोपाळकरांना या अलीगढविषयी आपुलकी वाटावी, असे एक कारण आहे. १९२० मध्ये त्या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती आपल्या नवाब सुलतान जहाँ बेगम होत्या. त्यांचे चिरंजीव नवाब हमीदुल्ला खाँ हे तर अलीगढचेच विद्यार्थी. म्हणजे या शहराच्या राज्यकर्त्यांना विद्यार्थ्यांची सभा ही परकी वस्तू नव्हती.

तथापि संस्थानी मुलखात अशा सभेचे मोल निराळेच होते. ब्रिटिश मुलखातल्या मनुष्याला नगरपालिका होती, कौन्सिल होते, वर्तमानपत्रे होती. बहुतेक संस्थानांत यातले फारसे काही नव्हते. होते ते दरबार. अशा गावात एखाद्या तरुणाने आयुष्यात प्रथम मत दिले असेल, तर ते बहुधा महाविद्यालयाच्या चिटणिसासाठीच.

ग्वाल्हेरचे उदाहरण घ्या. शिंदे सरकारच्या राजधानीतल्या व्हिक्टोरिया महाविद्यालयात, म्हणजे आजच्या महाराणी लक्ष्मीबाई महाविद्यालयात, १९४० च्या दशकात अटलबिहारी वाजपेयी हे विद्यार्थी संघाचे चिटणीस होते. त्यांच्या ज्या वक्तृत्वाने पुढे संसद डोलली, त्याची तालीम अशा सभांतच झाली. संस्थानाच्या प्रजाजनांतून देशाचा पंतप्रधान घडतो, त्यात अशा संघाचा काही वाटा असतो.

जेथे विद्यार्थ्यांना आपले म्हणणे मांडायला जागा नसते, तेथे काय होते, तेही एका संस्थानानेच दाखवून दिले. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात आणि पाठोपाठ हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलांनी संप केला, आणि निजाम सरकारने त्यांची नावे पटावरून काढून टाकली. एका गाण्यापायी शेकडो मुलांचे शिक्षण थांबले. अशा वेळी नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांच्या कारकिर्दीत, त्यांना दार उघडले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या बहिष्कृतांपैकीच एक. १९९६ मध्ये राव पायउतार झाले आणि त्यांच्या जागी वाजपेयी आले; दोघेही संस्थानी महाविद्यालयांतून आलेले विद्यार्थी होते, ही गोष्ट क्वचितच कोणी ध्यानात घेतो.

नागपूरचा उल्लेख येथे सहज म्हणून केलेला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूरच्या सचिवालयाबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे सामानसुमान घेऊन तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत उतरली. ज्या नागपूरने हाकलून दिलेल्या विद्यार्थ्यांना आसरा दिला, त्या नागपूरचे संस्कार आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आहेत.

खुद्द भोपाळची कथाही तरुणांच्या रक्ताने लिहिलेली आहे. देश स्वतंत्र झाल्यावरही हे संस्थान विलीन होत नव्हते. १४ जानेवारी १९४९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, नर्मदाकाठी बोरास येथे तिरंगा फडकवणाऱ्यांवर गोळीबार झाला. तेथे पडलेल्या हुतात्म्यांत छोटेलाल नावाचा अवघ्या १६ वर्षांचा मुलगा होता. त्याच लढ्यात तुरुंगात गेलेले डॉ. शंकरदयाळ शर्मा पुढे राष्ट्रपती झाले. १ जून १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. जे स्वातंत्र्य या तरुणांनी आणले, त्याचा वापर कसा करावा हे शिकवण्याचे काम महाविद्यालयांकडे आले.

१९४६ मध्ये सुरू झालेले हमीदिया महाविद्यालय, त्यामागून निघालेली इतर महाविद्यालये, १९७० मध्ये स्थापन झालेले भोपाळ विद्यापीठ असा हा विस्तार झाला. १९८८ मध्ये त्या विद्यापीठाला मौलवी बरकतुल्ला यांचे नाव देण्यात आले. याच शहरात जन्मलेला हा पुरुष टोकियोत उर्दू शिकवत होता, अमेरिकेत गदर पक्षात वावरला, आणि १ डिसेंबर १९१५ रोजी काबूलमध्ये स्थापन झालेल्या हंगामी हिंदी सरकारचा पंतप्रधान झाला. राज्य आपले आपण चालवावे, या एका ध्यासापायी तो परमुलखात मेला. ज्या विद्यापीठाच्या पाटीवर त्याचे नाव आहे, तेथे विद्यार्थ्यांना आपले स्नेहसंमेलनसुद्धा आपले आपण चालवता येऊ नये, हा विरोधाभास मनाला बोचतो.

विद्यार्थी संघ म्हणजे केवळ मिरवणूक आणि घोषणा, अशी समजूत झाली आहे. वस्तुतः त्याचे खरे काम वर्षभर चालणारे आणि बरेचसे कंटाळवाणे असते. वादसभेचा विषय ठरवणे, भित्तिपत्रक काढणे, नियतकालिकासाठी लेख गोळा करणे, नाटकाच्या तालमीला खोली मिळवणे, गायनाच्या कार्यक्रमासाठी तबलजी आणि तानपुरे जमवणे, वसतिगृहातील जेवणाची तक्रार प्राचार्यांपुढे नीट शब्दांत मांडणे, आणि वर्षाअखेरीस जमाखर्च सभेपुढे ठेवणे. हे सर्व करताना वीस वर्षांचा मुलगा जे शिकतो, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. स्नेहसंमेलने आताही होतात, नाही असे नाही. पण बहुतेक ठिकाणी प्राध्यापकांची समिती सर्व काही ठरवते, मंडपवाला ठेका घेतो, आणि विद्यार्थी प्रेक्षक होऊन बसतात.

आता दुसरी बाजू. आम्हीही पेशाने शिक्षक आहोत, म्हणून ती हलक्या हाताने बाजूस सारणे आम्हांला शक्य नाही. २६ ऑगस्ट २००६ रोजी उज्जैनच्या माधव महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून दंगा झाला, प्रा. हरभजनसिंग सभरवाल यांना मारहाण झाली आणि त्यांचा अंत झाला. खटला पुढे नागपूरला चालला आणि २००९ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. शिकवायला गेलेला मनुष्य घरी परतला नाही. या घटनेनंतर पालक, प्राचार्य आणि सरकार यांना निवडणुकीचा धसका बसला, यात नवल नाही. बाहेरच्या पक्षांचा पैसा, गाड्या, जातीची गणिते हे सारे महाविद्यालयाच्या फाटकातून आत शिरले होते, हेही खरेच.

पण या रोगावर औषध सांगितलेले आहे. माजी निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीचा अहवाल त्याच वर्षी मे महिन्यात आला होता, आणि उज्जैनच्या घटनेला महिनाही होण्यापूर्वी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तो लागू केला. उमेदवाराने ५,००० रुपयांहून अधिक खर्च करू नये. छापील फलक नकोत, हाताने केलेलेच लावावेत. हजेरी ७५ टक्के असावी. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंतचे सर्व काम १० दिवसांत उरकावे. पदवीच्या विद्यार्थ्याला २२ वर्षांनंतर उभे राहता येऊ नये. समितीने निवडणूक बंद करा असे म्हटले नाही. नीट करा असे म्हटले.

आपल्याकडे मात्र निवडणूक कधी थेट, कधी अप्रत्यक्ष, आणि बऱ्याच वर्षी मुळीच नाही, असा खेळ चालत आला. ३० ऑक्टोबर २०१७ रोजी मध्य प्रदेशात बऱ्याच खंडानंतर मतदान झाले, तेही अप्रत्यक्ष: मुलांनी वर्गप्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी पदाधिकारी. त्यानंतर पुन्हा वर्षांमागून वर्षे कोरडी गेली. महाराष्ट्रानेही काही वेगळे केले नाही. तेथे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने मतपेटी उचलून तिच्या जागी गुणपत्रिका ठेवली. २०१६ च्या कायद्याने निवडणूक कागदावर परत आणली, २०१९ मध्ये वेळापत्रकही जाहीर झाले, पण त्या वर्षी मतदान झालेच नाही.

गुणपत्रिकेवरून प्रतिनिधी नेमण्यात वाईट काय, असे विचारणारे सज्जन पुष्कळ भेटतात. वाईट एवढेच की, नेमलेला मनुष्य नेमणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, आणि निवडलेला मनुष्य निवडणाऱ्यांच्या. आमच्या घराण्यात दरबारची चाकरी झाली आहे; दरबाराची निंदा आमच्या तोंडी शोभणार नाही. त्या आश्रयावाचून कितीतरी विद्या नाहीशी झाली असती. परंतु दरबारात मान डोलणे महत्त्वाचे असते ते एकाचीच. त्याला रुचले ते थोर, न रुचले ते बाद. ही रीत गाण्यालाही शेवटी पुरली नाही. १९१८ मध्ये खुद्द ग्वाल्हेर दरबाराने पं. भातखंडे यांच्या हातून माधव संगीत महाविद्यालय काढले, तेव्हा विद्या दिवाणखान्यातून वर्गात आली. मग महाविद्यालयांनीच उलट्या पावली वर्गातून दरबारात का जावे?

भांडणे होतात म्हणून सभाच नको, हे म्हणणे आम्हांस गायकाच्या नात्यानेही पटत नाही. रागात विवादी स्वर शत्रूसारखा मानला आहे. पण जाणता गवई तो कोठे आणि किती लावावा हे जाणतो, आणि त्याने रंगत वाढते. ते शिकवायचे असेल, तर शिष्याला गाऊ द्यावे लागते. गळा बसेल या भीतीने त्याचे तोंडच बंद केले, तर तो बेसूर होणार नाही हे खरे, पण गवईही होणार नाही.

आणि एक गोष्ट आपल्याच घरची. ‘त्या भानगडीत पडू नकोस, अभ्यास कर’, हे वाक्य ज्या मराठी घरात उच्चारले गेले नाही, असे घर या शहरात विरळा. त्यामागचे प्रेम आम्ही जाणतो. आमच्याही तोंडून ते निघाले आहे. परंतु भल्या घरची मुले बाजूला झाली, म्हणून जागा रिकामी राहिली नाही. ती ज्यांना अभ्यास नको होता त्यांनी घेतली, आणि मग त्यांच्याकडे बोट दाखवून आपण म्हणालो, पाहा, आम्ही सांगत नव्हतो?

आमची मागणी साधी आहे. लिंगडोह समितीचे नियम जसेच्या तसे पाळून दरवर्षी ठरलेल्या तारखेला थेट मतदान व्हावे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांचेच निवडणूक मंडळ मतदान घेते आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना सर्वांपुढे उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. तसा प्रयोग येथेही करून पाहावा. सांस्कृतिक कार्याचा चिटणीस स्वतंत्रपणे निवडला जावा, आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या शुल्कातला पैसा कोठे गेला, तो हिशेब सूचनाफलकावर लागावा. हात उगारणाऱ्याला मात्र दया नको, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.

आणि वाचकांस विनंती एवढीच की, पुढच्या खेपेला आपला मुलगा किंवा मुलगी निवडणुकीला उभी राहते म्हणाली, तर लगेच नाही म्हणू नका. तिचे दहा मिनिटांचे भाषण आधी घरी ऐका, आणि संध्याकाळी ती हरून परत आली, तर जिंकलेल्याचे अभिनंदन केलेस का, एवढे विचारा.