हयातीचा दाखला

नातवाचे मुख पाहावयास परदेशी निघालेल्या निवृत्त वडीलधाऱ्यांस आमचे एकच सांगणे आहे: नोव्हेंबर महिना विसरू नका. केंद्र सरकारचे निवृत्तिवेतन घेणाऱ्याने प्रतिवर्षी त्या महिन्यात आपण हयात असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. ८० वर्षे पूर्ण केलेल्यांस तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. दाखला न पोहोचल्यास वेतन थांबते, आणि गावी मागे राहिलेल्या गृहिणीची चूल थंडावते. परदेशात भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्याने तो साक्षांकित केल्यास चालतो. २०१४ साली आधार क्रमांकाच्या साहाय्याने दाखला देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोयही सुरू झाली. अडकलेली रक्कम मागाहून मिळते खरी. परंतु तोवर वाणी थांबत नाही. म्हणून प्रवासाच्या पेटीत पेन्शनच्या हुकमाची प्रत आठवणीने ठेवावी.