आधी कोण, मागून कोण?

मुलांनो,

मागच्या वर्षीची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीला लांबचं नीट दिसत नव्हतं. चष्मा येईपर्यंत मी तिला पहिल्या बाकावर बसवलं. पण सोमवारी माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी सगळ्या वर्गाला हजेरीपटाच्या क्रमाने नव्याने बसवलं. तिचा नंबर ३१! बिचारी मुकाट्याने शेवटच्या बाकावर गेली. दोन दिवसांनी वही तपासताना पाहते तर काय, फळ्यावरचे सगळे ८ तिने ३ लिहिलेले! चूक तिची नव्हती, माझी होती.

माझा नियम वाईट होता का? नाही. बाकीच्यांना तो ठीकच होता. पण तो मी चुकीच्या वेळी लावला. आधी सगळ्यांना पटाप्रमाणे बसवायचं आणि मग तिला पुढे आणायचं, एवढं केलं असतं तरी पुरे होतं.

गंमत म्हणजे, कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो!

मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमला म्हणतात टेक्स्ट एडिटर. त्यात एक-दोन कळा दाबून काम झटकन उरकता येतं. तो शॉर्टकट. कंट्रोल आणि सी दाबलं की कॉपी, कंट्रोल आणि झेड दाबलं की आत्ताच केलेला बदल रद्द. कोणत्या कळेने काय व्हायचं, हे प्रोग्रॅम बनवणाऱ्याने आधीच ठरवून दिलेलं असतं. त्याला म्हणायचं डिफॉल्ट. पण समजा, एखाद्याला एकाच हाताने टाइप करावं लागतं. मग तो आपल्याला जमतील अशा कळा निवडून एका फाइलमध्ये लिहून ठेवतो.

आता याद्या झाल्या दोन. एकाच कळेला दोघींनी वेगवेगळं काम सांगितलं तर? साधारणपणे जी यादी मागून वाचली जाते, तिचं खरं होतं. म्हणून डिफॉल्ट आधी, माणसाची यादी नंतर.

सोपं वाटतं ना? पण भल्याभल्यांना ते अवघड जातं. नेदरलँड्सच्या ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ साली विम नावाचा एडिटर लोकांना दिला. तो फुकट होता. ते एवढंच सांगत, आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा. २०१६ मध्ये विमची ८.० आवृत्ती आली. नवख्यांना सोपं जावं म्हणून तिच्यात काही सोयी आणि शॉर्टकट तयार ठेवले होते. ते केव्हा लावायचे? ठरलं असं : माणसाने स्वतःची फाइल केली नसेल, तरच.

जुन्या लोकांच्या सवयी तशाच राहिल्या. छान! पण नवख्याने आपल्या फाइलमध्ये एकच ओळ लिहिली, की तयार सोयी एकदम गायब! मजकुराचे रंगसुद्धा जात. उपाय असा, की आपल्या फाइलच्या सुरुवातीलाच लिहायचं, ‘आधी डिफॉल्ट वाच.’

दुसरी अडचण तर थेट माझ्या वर्गासारखी. काही ठिकाणी सगळ्यांसाठी मिळून एक सामायिक फाइल केलेली असते. तिच्यानंतर डिफॉल्ट आले आणि तिथे ठरवलेल्या काही गोष्टी पुसून गेले! म्हणून विममध्ये एक खूण ठेवली आहे. सामायिक फाइलमध्ये ती खूण केली, की डिफॉल्ट दारातूनच परत जातात.

आणखी एक चांगली रीत आहे. विमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम माणसाच्या फाइलनंतर वाचले जातात. त्यांतले शहाणे प्रोग्रॅम आधी तपासतात, ‘या कामासाठी याने आपली कळ ठरवली आहे का?’ ठरवली असेल, तर ते आपली कळ लावतच नाहीत.

तुम्ही एक करून पाहा. घरातले सगळ्यांना लागू असलेले पाच नियम लिहा. शेजारी लिहा, त्यातला कोणता कुणासाठी वेगळा आहे आणि का. आजीला जेवण लवकर लागतं, धाकट्याला भाजी कमी तिखट लागते, असं. मग आई-बाबांना विचारा, नवा नियम करताना ही दुसरी यादी कुणी पाहतं का?

मी आता पाहते. त्या मुलीला चष्मा आला. परवा तिनेच विचारलं, “बाई, आता मी माझ्या नंबरावर बसू?”

तुमच्या,
बाई